पोटावरचं तोंड
गुदाशयाचा कर्करोग, आतड्याला पडलेला पीळ किंवा छिद्र, अपघातातली इजा, बाळाला जन्मतः गुदद्वार नसणं... अशा वेळी मोठ्या आतड्याचं तोंड पोटावर काढतात. हीच कोलोस्टोमी. पुष्कळदा ती तात्पुरती असते; काही महिन्यांनी आतडं पुन्हा जोडतात. हे तोंड लालसर, ओलसर दिसायला हवं. काळंनिळं पडलं तर रक्तपुरवठा तुटत असेल. तडक डॉक्टरांना गाठा. कधी हे तोंड आत ओढलं जातं, कधी बाहेर घसरतं, कधी शेजारी हर्नियाही होतो. सर्वांत छळते ती मळ लागून सोललेली भोवतालची कातडी. म्हणून मळ गोळा करणाऱ्या पिशवीच्या, कातडीला चिकटणाऱ्या चकतीचं भोक तोंडापेक्षा जेमतेम 2-3 मिलिमीटर मोठं कापा आणि पिशवी तिसरा हिस्सा भरली की रिकामी करा.