बंद तारेतील शक्ती



युनियनचा माणूस व्यासपीठावर उभा राहिला की तो पगार, बोनस आणि संप यांवर बोलणार, अशी आपली अटकळ असणार. आज आम्ही विजेच्या तारेविषयी बोलणार आहोत. आमच्यापाशी पदवी नाही. जे शिकलो ते रात्री पुस्तके वाचून आणि लाइनमन मंडळींना विचारून. पण या शास्त्राचा पाया घालणारा ऑलिव्हर हेविसाइड (1850–1925) हाही सोळाव्या वर्षी शाळा सोडलेला, तारखात्यात नोकरी केलेला माणूस होता. त्यामुळे आम्हांला धीर आला.

आपल्या किनाऱ्यावरची लाट पाहा. उतरत्या वाळूवर ती पसरते, जिरते. तीच लाट अलिबागच्या कुलाबा किल्ल्याच्या तटावर आपटली की माघारी फिरते. तारांच्या जोडीतही असेच घडते. वीज जोडताच दाबाची लाट प्रकाशाच्या जवळपास वेगाने निघते. पलीकडचे टोक उघडे असेल, तर तिला पुढे वाट नाही. ती परतते, आणि जाणारी व येणारी लाट एकमेकींवर चढून तेथील दाब दुप्पट होतो. टोके एकमेकांना जोडलेली असतील, तर दाब शून्य होतो आणि प्रवाह दुप्पट. टोकाला तारेच्या स्वतःच्या लाट-रोधाएवढाच रोध बसविला, तर लाट वाळूवर जिरावी तशी त्यात जिरते. काहीच परत येत नाही.

आता तार दाबाने भरून स्विच काढून घ्या. प्रवाह शून्य. सारे थंड झाले, असे वाटते. गणित सांगते, की या शांततेकडे दोन लाटांची बेरीज म्हणूनही पाहता येते. प्रत्येकीचा दाब निम्मा. एक पुढे जाते, दुसरी मागे येते. त्यांचे प्रवाह एकमेकांना खोडतात, दाब मात्र मिळतात. आदर्श तारेत गळती नाही, म्हणून ही येजा अखंड चालते.

हिशेब करून पाहू. 1915 साली आपल्याच जिल्ह्यातील खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज जाऊ लागली. तेवढ्या, म्हणजे सुमारे 70 किलोमीटर लांबीची एक आदर्श तारजोडी कल्पा. लाट-रोध 400 ओहम, स्थिर दाब 1 लाख व्होल्ट. लाटेला एका बाजूचा प्रवास करायला सेकंदाचा सुमारे 4,300 वा भाग लागतो. तारेत साठलेली ऊर्जा भरते सुमारे 2,900 ज्यूल. 60 किलोचा माणूस जवळजवळ पाच मीटर उचलावा एवढी. एका टोकाला 400 ओहमचा रोध लावा. त्याच्याकडे येणारी लाट थेट आत शिरते. दूर जाणारी लाट उघड्या टोकावरून परतून मागाहून शिरते. म्हणून रोधावर 50 हजार व्होल्टचा दाब एका बाजूच्या प्रवासाच्या दुप्पट वेळापुरता टिकतो, आणि तेवढ्यात सारी ऊर्जा बाहेर पडते. दोन्ही वाटांनी केलेला हिशेब तंतोतंत जुळतो.

खरी तार आदर्श नसते. तिचा दाब हळूहळू गळतो. किती वेळात, ते वरून पाहून कळत नाही. शिवाय शेजारच्या चालू तारेमुळे तिच्यात दाब उत्पन्न होतो, आणि कोणाच्या घरचे जनित्र चुकीचे जोडलेले असेल तर उलट वीजही येते. खांबावर चढणाऱ्याला मात्र खालून एवढेच ओरडून सांगतात, "बंद केली आहे, चढ!"

मित्रहो, आमची मागणी येथूनच सुरू होते. स्विच काढा, त्याला कुलूप घाला, तारेत वीज नाही हे यंत्राने तपासा, कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग करा, मगच हात लावा. एवढ्यासाठी वेळ मागणारा कामगार आळशी ठरता कामा नये. कंत्राटी कामगारालाही हा वेळ, हातमोजे आणि अर्थिंगची साखळी मिळालीच पाहिजे. तारेला कायम कोण आणि कंत्राटी कोण, हे कळत नाही.

आपल्या घरी दिवा लागायला अर्धा तास उशीर झाला, तर त्या अर्ध्या तासात खांबावरच्या माणसाचे संरक्षण चालले आहे, असे समजा. फोन करून त्याच्या साहेबाला घाई लावू नका. एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.