बर्लिनच्या मैदानावर अमरावती

शिक्षकांच्या परिषदेत काही मांडायचं म्हटलं की हल्ली आधी प्रोजेक्टर चालतो का, ते पाहिलं जातं. १९३६ साली अमरावतीहून बर्लिनला गेलेल्या पथकाला असली सोय कुठली! जे शिकवत होते तेच करून दाखवायचं, एवढंच त्यांच्या हाती होतं.

हे पथक श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं. वैद्य बंधूंनी १९१४ साली ही संस्था उभी केली. आखाड्यातली विद्या शाळेपर्यंत न्यायची, तर आधी ती शिकवणारा तयार करावा लागतो. म्हणून मंडळाने खेळाडूंबरोबर व्यायामशिक्षकही घडवले. बर्लिनमध्ये ऑलिंपिक भरलं तेव्हा जगभरचे शारीरिक शिक्षणाचे जाणकार तिथे जमले होते, आणि त्यांच्यासमोर मंडळाच्या पथकाने कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली. तो सोहळा नाझी राजवटीने स्वतःच्या जाहिरातीसाठी वापरला, हे विसरून चालणार नाही. पण त्यामुळे वऱ्हाडातल्या त्या माणसांची मेहनत उणी ठरत नाही.

कबड्डी परक्याला समजावून पाहा. चढाई करणाऱ्याने एका दमात घोष चालू ठेवायचा आणि दम तुटायच्या आत गडी बाद करून परतायचं. भाषणात सांगायला बसलं की हा नियम लांबत जातो. मैदानावर मात्र चढाई कानांनीच कळते, कारण आवाज थांबला की चढाई संपली.

मल्लखांबाचंही तसंच. उत्तर पेशवाईत बाळंभटदादा देवधरांनी ही विद्या नावारूपाला आणली. वर निमुळता होत जाणारा लाकडी खांब, त्यावर चोळलेलं एरंडेल. घसरणाऱ्या लाकडावर मांडीची पकड बसवून अढी, दसरंग, सुईदोरा असे प्रकार करायचे. नवख्या पोराची पकड कुठे सुटते हे उस्तादाला लांबूनच दिसतं. शिकवणाऱ्याचं सगळं कसब त्या पाहण्यात आहे, आणि ते कागदावर उतरत नाही.

अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या शिवार फेरीतही असंच प्रत्यक्ष दाखवून शिकवणं घडतं. वाण शेतातच उभं असतं. शेतकरी पान उलटून कीड पाहतो, बोंडं चाचपतो आणि तिथल्या तिथे विचारतो, कोरडवाहूत हे टिकंल का? प्राध्यापकाला उत्तर द्यावंच लागतं, विषय बदलायला तिथे जागा नसते.

आता आपल्या केंद्रांवरच्या शिक्षण परिषदा पाहा. मेळघाटात कोरकू बोलणारं लेकरू पहिलीत येतं आणि त्याच्यापुढे मराठीचं पुस्तक असतं. त्याच्याशी बोलता बोलता वाचनापर्यंत पोचलेली बाई परिषदेत उभी राहते, तेव्हा तिच्याकडून उपक्रमाचं नाव, उद्दिष्टं, छायाचित्रं मागितली जातात. पाठ मात्र दिसत नाही. मूल कुठे अडलं, ती किती वेळ गप्प राहिली, कोणता कोरकू शब्द तिने मुलाकडूनच शिकून घेतला, हे सारं त्या चौकटीबाहेर राहून जातं. शेजारच्या शाळेतल्या शिक्षकाला तर नेमकं तेच हवं असतं.

म्हणून मेळघाटातल्या चिखलदरा-धारणीकडच्या परिषदा अधूनमधून वर्गातच भराव्यात. मुलं नेहमीच्या जागी बसावीत, पाहुणे शिक्षक मागे भिंतीशी. बाईंनी रोजचाच पाठ घ्यावा. मग मुलांना सुट्टी द्यावी आणि उरलेला सगळा वेळ प्रश्नांना.