कागद कंपनीचे ‘येणे’ आणि आपला चुकारा
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापूस-ज्वारीवाल्यांच्या बैठकीत कागदाच्या कारखान्याचा हिशेब कशाला, असे कोणी विचारील. आपण जिनिंगवर कापूस टाकतो, अडत्याकडे ज्वारी टाकतो आणि चुकाऱ्यासाठी चकरा मारतो. त्या वेळी समोरच्याच्या वहीत आपले नाव ‘देणे’ या पानावर असते. ते देणे कधी फिटणार, हे त्याच वहीतल्या ‘येणे’ या पानावर ठरते. मोठ्या कारखान्याच्या वहीत हे पान स्पष्ट दिसते, म्हणून कागदापासून सुरुवात करू.

कागद कारखान्याचा बहुतेक माल उधारीवर जातो. एजंट, वह्या बनवणारे, छापखाने माल उचलतात आणि पैसे महिना-दोन महिन्यांनी देतात. बिल फाडले की विक्री वहीत चढते, नफाही चढतो; पैसा मात्र आलेला नसतो. आपल्या हातात काट्याची पावती असते आणि खिसा रिकामा असतो, तसेच हे.

समजा, वर्षाची विक्री 100 कोटी आणि मार्चअखेर येणे 20 कोटी. म्हणजे सरासरी 73 दिवसांची विक्री उधारीत अडकली. पुढच्या वर्षी विक्री तेवढीच, पण येणे 30 कोटी झाले, तर सुमारे 110 दिवस. कारखाना तोच, यंत्रे तीच, नफाही कदाचित तोच. पण 10 कोटी रुपये बाहेर अडकले. मग पगार, वीज, कोळसा कशातून भागवायचा? बँकेच्या कर्जातून, नाहीतर बांबू-लाकूड पुरवणाऱ्याला थांबवून. बँकेचे व्याज थांबत नाही. पुरवठादार थांबतो.

यात एक खोच आहे. जूनला शाळा उघडतात, त्याआधी वह्या बनतात, म्हणून उन्हाळ्याच्या तोंडाशी कागद जास्त उचलला जातो. मार्चचे येणे डिसेंबरशी ताडून पाहू नये. मार्च मार्चशीच ताडावा. आणि येणे कमी झाले म्हणून लगेच आनंदही नको. वसुली झाली असेल तर उत्तम. पण बुडीत धरून खोडले असेल, बिले बँकेत वटवली असतील किंवा मालच निघाला नसेल, तरी आकडा खालीच येतो.

आपल्या विदर्भातले उदाहरण बल्लारपूर इंडस्ट्रीजचे. 1945 साली स्थापन झालेली, देशभर नाव असलेली ही कागद कंपनी कर्जाच्या ओझ्याखाली आली आणि 2020 साली दिवाळखोरीच्या कायद्याखाली गेली. 2016 च्या या कायद्यात कंपनी मोडीत निघाली तर पैशांची रांग ठरलेली आहे. आधी प्रक्रियेचा खर्च, मग तारण घेतलेल्या बँका आणि कामगार. उधारीवर माल देणारा पार मागे, सरकारच्याही मागे. कापूस उधार टाकणारा आपला माणूस याच रांगेत उभा असतो, हे आपण कधी ध्यानातच घेत नाही.

कारखान्याला माल देणाऱ्या लघुउद्योजकाला 2006 च्या कायद्याने 45 दिवसांची हद्द दिली आहे, उशिराला व्याजही. ऊसवाल्याला 1966 च्या आदेशाने 14 दिवस आणि त्यापुढे 15 टक्के व्याज. (ते मिळवायला त्यालाही भांडावे लागते, हा भाग वेगळा.) कापूस घरून खेडा खरेदीत दिला, तर आपल्या हाती काय असते? कच्ची चिठ्ठी.

आमच्यातल्या काहींनी एका हंगामात एका व्यापाऱ्याकडे असाच कापूस टाकला. “पुढून येणे अडकले,” एवढेच तो सांगत राहिला. पेरणी आली, बियाणे सावकाराच्या पैशाने घ्यावे लागले. त्याचे येणे किती आणि किती दिवसांचे, हे माल टाकण्याआधी आम्ही कोणीच विचारले नव्हते.

खरेदीदार कंपनी असेल, आपलीच शेतकरी उत्पादक कंपनी का असेना, तर दोन मार्चची विक्री आणि येणे मागून घ्या. कंपनीचा ताळेबंद निबंधकाकडे असतो आणि फी भरून कोणालाही पाहता येतो. एकट्या मालकाचे जिनिंग असेल तर तो पाहायला मिळणार नाही. तिथे पैसे काट्यावरच मोजून घ्या.