आधी ऊब, मग वीज



 लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय ज्या पुण्यात आहे, तिथे लष्करी तळांसाठी भूगर्भातील उष्णतेचा विचार व्हावा, याचा मला विशेष आनंद आहे.

गरम पाण्याची कुंडे आपल्या कोकणातही आहेत. वज्रेश्वरी, उन्हवरे, तुरळ ही नावे सर्वांना ठाऊक आहेत. पण गरज सर्वांत मोठी आहे ती लडाखमध्ये. तिथले पूगा खोरे सुमारे ४,४०० मीटर उंचीवर आहे. तिथे हवा इतकी विरळ, की पाणी ८५ अंशांच्या आसपासच उकळते. झऱ्यांच्या कडेने गंधक आणि टाकणखाराची पुटे चढलेली दिसतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९७०च्या दशकापासून इथे विंधन विहिरी घेतल्या आणि याच पाण्यावर एक खोली उबदार ठेवून दाखवली. पुढे २०२१ मध्ये ओएनजीसीचा वीजप्रकल्पासाठी करार झाला.

अशा झऱ्यांचे मूल्यमापन म्हटले की आपण लगेच मेगावॉट मोजू लागतो. माझा आग्रह वेगळा आहे. सीमेवरच्या बराकीत रात्रभर रॉकेलची बुखारी पेटते. तिची काजळी आणि कोंदलेला धूर जवानाच्या छातीत जातो, आणि ते रॉकेल घाट बंद होण्याआधी वर पोहोचवावे लागते. म्हणून पहिला प्रश्न असा हवा: झरा तळापासून किती अंतरावर आहे, आणि तेवढ्या नळातून पाणी आणल्यावर ते किती गरम उरेल? अंतर फार असेल तिथे विजेचा विचार करावा, कारण तारेतून वीज दूर जाते, नळातून ऊब तेवढी दूर जात नाही.

दुसरा प्रश्न वापरलेल्या पाण्याचा. अमेरिकी नौदलाच्या चायना लेक तळावर, कोसो येथे, १९८७ पासून भूऔष्णिक वीज तयार होते. तिथे जमिनीखालचे पाणी घटत गेले आणि बाहेरून नळाने आणावे लागले. पूगामध्ये २०२२ साली विंधनाच्या वेळी भूगर्भातील द्रव थेट नाल्यात गेला. त्या नाल्याकाठी चांगपा पशुपालकांची जनावरे चरतात. पाणी पुन्हा जमिनीत कसे सोडणार, हे ठरल्याशिवाय कोणताही अहवाल पूर्ण मानू नये.

तज्ज्ञांना माझी एकच विनंती आहे. जे गोपनीय नाही ते सारे इथे मांडा: तापमान, प्रवाह, क्षारांचे प्रमाण, आणि फसलेल्या विहिरींच्या नोंदीसुद्धा.