कार्डाची उलटी बाजू



ज्यांच्या वाड्यात दप्तरं, त्यांना वंशावळ सापडते. आपल्या घरात सापडतं ते तारेला ओवलेलं पोस्टकार्ड. १८७९ साली पाव आण्यात सुरू झालेलं. नागपूरच्या गिरणीतून, फौजेतून आलेलं. मजकूर मोडीत असेल तर जाणत्याकडून बाळबोधीत उतरवून घ्या. पण मी म्हणतो, आधी पत्ता वाचा! 'महारवाडा, चांदूर बाजार.' पोस्टमनला घर सापडावं म्हणून अख्ख्या घराची जात उघड्या कार्डावर. वस्त्यांची ही नावं बदलायचं शासनाला सुचलं २०२० साली!

शिक्का पुसला असेल तर मायना पाहा. 'जोहार' जाऊन 'जयभीम' आलं असेल तर कार्ड १९३०च्या आधीचं नाही. तो शब्द कामठीच्या बाबू हरदासांनी त्या दशकात रुजवला. घर केव्हा उठून उभं राहिलं, ते तिथं कळतं.

अन् मयताचं कार्ड? ते कोपरा फाडून यायचं. वाचलं की दाराबाहेरच फाडून टाकायचे. म्हणून तारेवर आपली लग्नं आहेत, बाळंतपणं आहेत, मरणं नाहीत. कोण रोगानं गेलं, कोण भुकेनं, ते फक्त बुढीले ठाऊक. ती आहे तोवर वही घेऊन तिच्यापाशी बसा. नाव, गाव, साल विचारा.