रांगेतले कुटुंब



बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्या आम्हा माणसांना अमेरिका दिसते ती पासबुकात. आमच्या शाखेत एक वृद्ध गृहस्थ येत. मुलाचे पैसे नियमित जमा होत. पण आईच्या पुण्यानुमोदनाला मुलगा आला नाही. इकडे आल्यावर व्हिसाचा शिक्का वेळेत मिळाला नाही तर नोकरी जाईल, ही भीती! अशा घरांसाठी तिकडच्या कायद्यांचा आज थोडा विचार करू.

१९४६ च्या कायद्याने भारतीयांना वर्षाला अवघ्या १०० जागा मिळत. १९६५ च्या कायद्याने तो जुना कोटा मोडला व नातेवाईक आणि कुशल कामगारांना दार उघडले. १९८६ मध्ये विनापरवाना राहणाऱ्या सुमारे २७ लाख लोकांना कायदेशीर करण्यात आले. त्यात मेक्सिकोचे बहुसंख्य. मात्र शेतमजूर वगळता अट होती १९८२ पूर्वी आल्याची. म्हणजे नवऱ्याला कागद, आणि मागाहून आलेली बायको बेकायदा! ही चूक १९९० मध्ये काही अंशी सुधारली.

त्याच १९९० च्या कायद्याने नोकरीवर आधारित ग्रीन कार्डांची संख्या वर्षाला साधारण १ लाख ४० हजार ठरविली. एका देशाला त्यातील सात टक्के. आता आमच्या सवयीप्रमाणे हिशेब मांडू. सात टक्के म्हणजे ९,८००. यात बायको-मुलेही मोजली जातात, म्हणून चौघांचे घर धरले तर २,४५० घरे. इतरांच्या उरलेल्या जागा मिळाल्या की आकडा वाढतो, पण रांगेत भारतीय लाखोंनी आहेत. भारताला सात टक्के आणि आइसलँडलाही सातच; हिला समानता म्हणायला आमचे मन धजत नाही.

रांगेतल्या माणसाला नोकरी बदलणे अवघड, स्वतःचा धंदा काढणे त्याहून अवघड. यात त्या देशाचेही नुकसानच आहे. सोबत गेलेल्या शिकल्या-सवरलेल्या पत्नीला २०१५ पर्यंत कामाची परवानगीच नव्हती. त्या वर्षापासून काहींना मिळाली. सर्वांत कठीण गोष्ट मुलांची. वयाच्या मोजणीत थोडी सवलत आहे, तरी एकविसावे वर्ष ओलांडले की मूल आईबापांच्या अर्जातून बाहेर.

आपला संबंध किती? रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये परदेशातून आलेल्या रकमेपैकी २७.७ टक्के अमेरिकेतून आली, आणि राज्यांत सर्वाधिक वाटा, २०.५ टक्के, महाराष्ट्राचा होता. सप्टेंबर २०२५ मध्ये परदेशातून बोलावल्या जाणाऱ्यांच्या नव्या एच-१बी अर्जांवर १ लाख डॉलर शुल्क जाहीर झाले. १ जानेवारी २०२६ पासून तिथून रोखीने पाठविलेल्या रकमेवर एक टक्का कर आहे; बँक खात्यातून पाठविल्यास नाही. तेवढे मुलांना जरूर कळवा.

जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी पगाराच्या आकड्याबरोबर रांगेचाही हिशेब करावा. आणि ज्यांची मुले आधीच तिकडे आहेत त्यांनी अर्जाची तारीख व नातवंडाचे वय एका कागदावर लिहून आणावे. सभेनंतर आम्ही येथेच बसणार आहोत.