कवळीची निगा

दंतपंक्ती गळून गेल्यावर जी कवळी अन्नाची रुची आणि वाणीची स्पष्टता पुनश्च मिळवून देते, तिच्या निगेविषयी आपल्या घरांत फार बेफिकिरी दिसते, याचे दुःख वाटते. प्रत्येक भोजनानंतर ती काढून धुवावी. आणि दिवसातून एकदा, हातातून निसटली तरी भंगू नये म्हणून खाली पाण्याने भरलेले तसराळे ठेवून, मऊ ब्रशाने व सौम्य साबणाने, विशेषतः हिरड्यांना टेकणारी तिची आतली बाजू, घासावी. खरखरीत दंतमंजनाने कवळीच्या अ‍ॅक्रिलिकवर सूक्ष्म ओरखडे पडून त्यांत जंतूंचा संचय होतो. उकळत्या पाण्याने तर आकारच बिघडतो. रात्री कवळी काढून साध्या पाण्यात बुडवून ठेवावी, कारण अहोरात्र झाकलेली टाळू बुरशी वाढून लाल होते. कवळी सैल झाली, तर घरगुती दुरुस्ती न करता दंतवैद्याकडे जावे, ही विनंती.